मॅगझीन: एका अरबी कोठाराचा युरोपभरचा प्रवास

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांची लोकलमध्ये नेमकी महत्त्वाच्या वाक्याला रेंज जाते, त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही देतेय. बोलताना वाक्यं अर्धवट सुटतात, ती इथे जरा सरळ केलीत. बाकी सगळं तेच.

आजचा शब्द आहे मॅगझीन.

तुम्ही मोबाइलवर शूटिंगचे गेम खेळत असाल, तर मॅगझीन म्हणजे बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची डबी. दवाखान्यात नंबर येईपर्यंत जे चाळतो, तेही मॅगझीन. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ च्या प्रकरणात इंग्रजांचं दिल्लीचं मॅगझीन उडवलं गेलं असं वाचतो, तिथे ती चक्क एक इमारत असते. पॅरिसला गेलात आणि कुणी 'मागाझँ'मध्ये जाऊ म्हणालं, तर ते तुम्हाला दुकानात नेतील.

गोळ्यांची डबी, छापील अंक, दारूगोळ्याची इमारत आणि कपड्यांचं दुकान. ही चार भावंडं एका घरातली कशी? त्यासाठी अरबीत जावं लागेल. आणि गंमत म्हणजे त्या घराची एक खोली आपल्या मराठीतही आहे.

'म' लावला की जागा

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. त्या तीन व्यंजनांमध्ये स्वर भरायचे, पुढेमागे काही जोडायचं आणि शब्द घडवत जायचं. आपल्या आजच्या शब्दाचं मूळ आहे ख-झ-न. अर्थ: साठवणं, जपून ठेवणं.

आता अरबीत पुढे 'म' लावून जागेचं नाव करायची एक पद्धत आहे. हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, कारण असे कितीतरी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेत. साष्टांग नमन करायची जागा ती मस्जिद, आपली मशीद. बसायची जागा ती मजलिस, आपली मजलस. शिकायची जागा मदरसा. प्रवासात उतरायची जागा मन्झिल. या मन्झिलचंच मराठीत मजल झालं, म्हणून आपण 'मजल दरमजल करत' पोचतो.

त्याच साच्यात ख-झ-न घाला. साठवायची जागा म्हणजे मख्झन. अनेकवचन मखाझिन. कोठार, गोदाम, वखार, काय म्हणाल ते.

आणि याच मुळापासून दुसरा एक शब्द निघतो, ख़िझाना. म्हणजे साठा, भांडार, तिजोरी. तो फारसीतून मराठीत आला आणि झाला खजिना. आपला खजिनदार, सरकारी खजिना, पुण्यातली खजिना विहीर, सगळे मॅगझीनचे नातेवाईक. म्हणजे एक चुलत भाऊ इराणमार्गे दख्खनेत आला, दुसरा भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात गेला आणि तिथून इंग्रजांच्या जहाजात बसून परत आपल्याकडे आला. भेटल्यावर दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही.

बंदरावरचा शब्द

युरोपात हा शब्द दोन वाटांनी शिरला. दोन्हींच्या खुणा शब्दावर आजही आहेत, नुसतं रूप बघून कळतं कोण कुठून आलं.

पहिली वाट इटलीची. मध्ययुगात पिसा, जिनोआ, व्हेनिस या शहरांचे व्यापारी ट्यूनिस, अलेक्झांड्रिया अशा बंदरांत जात. तिथल्या राज्यकर्त्यांशी करार करून त्यांना राहायला आणि माल ठेवायला जागा मिळे. मिरी, मसाले, कापड, लोकर, चामडं. जहाज काही रोज सुटत नाही. वारा, मोसम, समुद्री चाचे, सगळं बघावं लागतं. तोवर माल कुठे ठेवायचा? मख्झनमध्ये. ज्याच्याकडे कोठार आहे तो भाव वाढेपर्यंत थांबू शकतो, ज्याच्याकडे नाही त्याला मिळेल त्या भावाला विकावं लागतं. कांदा चाळ नसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

इटालियन माणसाला घशातला 'ख' जमेना. त्याने त्याचा 'ग' केला आणि शब्द झाला मागाझ्झीनो. तो एकटा आला नाही. इटालियनमध्ये जकातनाक्याला दोगाना म्हणतात, तो अरबीतल्या दीवानवरून आलाय, आपल्या दिवाणखान्यातला दिवाणही तोच. दरांच्या यादीला तारिफ्फा, म्हणजे इंग्रजीतलं टॅरिफ, हा अरबी तअरीफवरून. त्याच तअरीफची मराठीत तारीफ झाली. ओळख करून देणं हा मूळ अर्थ. तिकडे त्यातून दरपत्रक निघालं, इकडे स्तुती. जकात, दर, गोदाम. बंदरावर माल उतरवताना जे शब्द कानावर पडले, ते इटालियन व्यापाऱ्यांनी मालाबरोबर घरी नेले.

दुसरी वाट स्पेन-पोर्तुगालची. तिथे ७११ पासून अरबी बोलणारी राज्यं होती. त्यातलं शेवटचं, ग्रानादाचं, १४९२ मध्ये संपलं. म्हणजे जवळपास आठशे वर्षं. तिथे अरबी शब्द शेजाऱ्याच्या तोंडून, रोजच्या बोलण्यातून शिकले गेले, आणि शिकताना मागचा 'अल'ही चिकटून आला. अरबीत 'अल' म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखं. त्यामुळे इटालियनमध्ये कापूस 'कोतोने' आहे, स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन'. इटालियन साखर 'झुक्केरो', स्पॅनिश साखर 'अझुकार'. तसंच इटालियन 'मागाझ्झीनो' आणि स्पॅनिश 'अल्मासेन'. पोर्तुगीजांनी त्यातल्या 'ल'चा 'र' करून 'अर्माझें' केलं.

हे पोर्तुगीज रूप लक्षात ठेवा. सोळाव्या शतकात लिस्बनमध्ये राजाच्या ज्या खात्यातून भारताकडे येणारी जहाजं सज्ज व्हायची, दोर, शिडं, तोफा, बारूद पुरवलं जायचं, त्या खात्याच्या नावातच 'गिनी आणि भारताचं अर्माझें' होतं. गोव्याला पोचलेल्या आरमाराचा शिधा आणि शस्त्रं एका अरबी नावाच्या कोठारातून निघत होती. आणि त्याच काळात समुद्रावर पोर्तुगीजांची मोठी लढाई कुणाशी होती? मिरीचा व्यापार हातात असलेल्या अरब आणि इतर मुसलमान व्यापाऱ्यांशी. शब्द उसना घेताना कुणी वैर बघत नाही.

किल्ली कुणाकडे?

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येतोय. मी या शब्दाचा जेवढा मागोवा घेतला, तेवढं मला वाटायला लागलं की याचा अर्थ उगाच भरकटलेला नाही. दर वेळी प्रश्न एकच आहे: समाजाला जपून ठेवण्यासारखं काय वाटतं, आणि त्या कोठाराची किल्ली कुणाकडे आहे?

मोरोक्को बघा. तिथे हा शब्द अरबीच राहिला, पण त्याचा अर्थ झाला सरकार! सुलतानाची सत्ता, त्याचे अधिकारी, त्याचं सैन्य, या सगळ्याला मिळून 'मख्झेन'. कर धान्यात आणि पैशात गोळा व्हायचा, तो कोठारात जायचा, आणि कोठार ज्याचं तो राजा. मोरोक्कोच्या इतिहासात दोन प्रकारचे प्रदेश सांगतात, एक मख्झेनचा आणि एक सीबाचा. पहिला सुलतानाला कर देणारा, दुसरा न जुमानणारा. आजही तिथे राजवाड्याभोवतीच्या सत्ताधारी वर्तुळाला लोक मख्झेन म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते कौतुकाने म्हणत नाहीत.

युरोपातही शब्द व्यापाऱ्याच्या हातातून राजाच्या हातात गेला. इटालियन मागाझ्झीनोपासून फ्रेंच मागाझँ झालं आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी ते इंग्रजीत मॅगझीन म्हणून दाखल झालं. सुरुवातीला अर्थ साधा, मालाचं गोदाम. पण तो काळ मोठ्या फौजांचा. फौज म्हणजे हजारो तोंडं आणि हजारो घोडे. सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हवा याने सरहद्दीजवळ धान्याची आणि चाऱ्याची मॅगझीनं उभी केली. इतर राजांच्या फौजा वसंतात गवत उगवायची वाट बघत बसायच्या. फ्रेंच फौज त्याआधीच निघायची, कारण घोड्यांचा चारा आधीच साठवलेला. पोट भरायची सोय हेच हत्यार झालं.

आपल्याकडे पन्हाळ्यावर गेलात तर अंबरखाना बघितलाच असेल, धान्याची ती प्रचंड कोठारं. किल्ला किती महिने टिकणार हे तटबंदीइतकंच त्या धान्यावर ठरायचं. कल्पना तीच, आपल्याकडे शब्द वेगळा.

कोठार फुटतं तेव्हा

धान्यापाठोपाठ आली बारूद. आणि मॅगझीन या शब्दाला जी एक भीती चिकटली, ती इथे.

काळी बारूद साठवणं हे भयंकर जोखमीचं काम. ओली झाली तर निकामी, कोरडी ठेवली तर एका ठिणगीची खोटी. म्हणून बारूदखान्याच्या भिंती जाड, हवा खेळायला जागा पण ठिणगी शिरायला नको, आणि आत लोखंडी अवजारं न्यायची नाहीत, तांब्याची न्यायची. लोखंडाची ठिणगी उडते, तांब्याची उडत नाही.

१२ ऑक्टोबर १६५४. हॉलंडमधलं डेल्फ्ट शहर. एका जुन्या मठाच्या आवारात, भर वस्तीत, बारूद साठवलेली होती, साधारण ४० टन. सकाळी ती उडाली. शहराचा एक मोठा भाग जमीनदोस्त झाला, शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात कारेल फाब्रिटिउस नावाचा ३२ वर्षांचा चित्रकार होता. त्याच वर्षी त्याने साखळीने बांधलेल्या एका छोट्या पक्ष्याचं चित्र काढलं होतं, 'गोल्डफिंच'. ते आजही जगप्रसिद्ध आहे. पुढे डेल्फ्टने नवा बारूदखाना बांधला, तो गावाबाहेर.

जाता जाता एक मजा. डच भाषेत गोदामाला आजही मागाझैन म्हणतात. पण डच लोक 'ग' घशातून, जवळजवळ 'ख'सारखा काढतात. त्यामुळे ऐकायला येतं 'माखाझैन'. इटालियनांनी घालवलेला अरबी 'ख' डचांच्या तोंडी योगायोगाने परत आला.

आणि मग दिल्ली. ११ मे १८५७. मेरठहून निघालेले शिपाई दिल्लीत शिरले होते. काश्मिरी गेटजवळ कंपनीचं मोठं शस्त्रागार होतं, दिल्ली मॅगझीन. ते ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे तोफा, बंदुका, काडतुसं. आत लेफ्टनंट विलोबी आणि मोजके इंग्रज. काही तास त्यांनी ते लढवलं आणि टिकाव लागेना तेव्हा स्वतःच पेटवून दिलं. स्फोटात आसपासची कितीतरी माणसं मेली. म्हणजे किल्ली दुसऱ्याकडे जाण्यापेक्षा कोठारच नको, असा हिशोब.

दिल्लीत लोथियन रोडवर त्या मॅगझीनचं दार अजून उभं आहे. त्यावर इंग्रजांनी लावलेली पाटी आहे, तीत हल्ला करणाऱ्यांना बंडखोर म्हटलंय. स्वातंत्र्यानंतर तिच्या जोडीला दुसरी पाटी लागली. तीत स्पष्ट केलंय की वर ज्यांना बंडखोर म्हटलंय ते परकीय सत्ता उलथवू पाहणारे भारतीय सैनिक होते. जुनी पाटी काढली नाही, तिच्या शब्दाला उत्तर दिलं. मला हे फार आवडतं.

यानंतर लगेचच कोठार आकसत आकसत हातात मावायला लागलं. १८६० च्या सुमारास अमेरिकेत स्पेन्सर आणि हेन्री या रायफली आल्या. आधी दर बारानंतर नवी गोळी भरावी लागायची, यांत मात्र अनेक गोळ्या आधीच भरलेल्या. स्पेन्सरच्या दस्त्यातल्या नळीत सात. ही नळी म्हणजे रायफलीचं स्वतःचं छोटं कोठार, म्हणून तिलाही मॅगझीन. मग १८७९ मध्ये जेम्स पॅरिस ली याने काढघाल करता येईल अशा डबीचं पेटंट घेतलं. ली-एन्फिल्ड या नावातला ली तो हाच. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री त्याच घराण्यातली. गेममध्ये तुम्ही रीलोडचं बटण दाबता तेव्हा एक कोठार काढून दुसरं लावत असता.

पोस्टातला माणूस आणि त्याचं गोदाम

आता गोळ्या ठेवून थोडं मागे जाऊ, लंडनला. तिथेच या शब्दाच्या नशिबाने सगळ्यात मोठं वळण घेतलं.

पुस्तकाला मॅगझीन म्हणायची पद्धत तिथे आधीपासून थोडी होती. १६३९ मध्ये रॉबर्ट वॉर्ड नावाच्या माणसाने युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्याच्या लांबलचक नावात 'लष्करी मॅगझीन' असे शब्द होते. म्हणजे युद्धाच्या ज्ञानाचं कोठार.

पण कमाल केली एडवर्ड केव्हने. जन्म १६९१, रग्बीचा. हा पोस्टात नोकरीला होता, त्यामुळे गावोगावची वर्तमानपत्रं त्याच्या हाताखालून जात. त्याच्या लक्षात आलं की लंडनमध्ये महिन्याला दोनशेच्या आसपास अर्धे ताव छापून बाहेर पडतात, बाहेर देशभरात आणखी तितकेच. एवढं सगळं कोण वाचणार? कामधंदा सोडून तेच करत बसलं तरच शक्य. तुमच्या फोनवर रोज येणाऱ्या नोटिफिकेशनबद्दल तुमची जी तक्रार आहे, नेमकी तीच १७३१ सालची तक्रार.

केव्हने उपाय काढला. महिन्यातून एकदा सगळ्यातलं निवडक एकत्र छापायचं. बातम्या, निबंध, कविता, भाव, जन्म-मृत्यू. जानेवारी १७३१ मध्ये पहिला अंक निघाला, नाव 'द जंटलमन्स मॅगझीन'. गोदामात जसा तऱ्हेतऱ्हेचा माल रचून ठेवतात, तसं हे. त्यावर एक लॅटिन वाक्य छापलं जाऊ लागलं, अर्थ 'अनेकांतून एक'. हेच शब्द पुढे अमेरिकेच्या राजमुद्रेवर गेले.

हे गोदाम चालवणं सोपं नव्हतं. लोकांना सगळ्यात जास्त हवं होतं ते संसदेत काय बोललं गेलं ते, आणि नेमकं तेच छापायला बंदी. १७३८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ठराव करून बजावलं की आमची भाषणं छापाल तर खबरदार. कायदे लोकांसाठी, पण चर्चा कुलूपबंद. केव्हने काय करावं? त्याने 'लिलिपुटच्या संसदेतल्या चर्चा' छापायला सुरुवात केली! गलिव्हरच्या गोष्टीतला बुटक्यांचा देश. पंतप्रधान वॉलपोलच्या नावातली अक्षरं फिरवून 'वॉलेलॉप'. वाचणाऱ्याला सगळं कळायचं. यातली बरीच भाषणं पुढे एक गरीब तरुण लेखक लिहीत होता, सॅम्युएल जॉन्सन. तो संसदेत जायचाही फारसा नाही, हाती आलेल्या टिपणांवरून भाषणं रचायचा. विश्वासार्हतेचं काय, हा प्रश्न तेव्हाही होताच.

केव्हला याची किंमतही मोजावी लागली. १७४७ मध्ये एका लॉर्डवरच्या खटल्याचा वृत्तान्त छापला म्हणून त्याला ताब्यात घेतलं गेलं, माफी मागून सुटका झाली. पण एव्हाना कोठाराचं दार उघडलं होतं. बारूदखान्याच्या बाबतीत सगळी हुशारी दार बंद ठेवण्यात होती. केव्हचं मॅगझीन मात्र चालायचं ते दार उघडं होतं म्हणून. पैसे दिले की कुणीही आत या, हवं ते न्या. शब्द तोच, पण किल्ली वाचकाच्या हातात.

पुढे १७५५ मध्ये याच जॉन्सनने आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्यात मॅगझीनचा मूळ अर्थ दिला कोठार, शस्त्रागार. आणि मग नोंद केली की हल्ली या शब्दाचा अर्थ संकीर्ण मजकुराचा अंक असाही होतो, तो एडवर्ड केव्हच्या मासिकामुळे. अर्थ बदलायला जबाबदार माणसाचं नाव कोशातच नोंदवलेलं, असं फार क्वचित घडतं. शिवाय नोंदवणारा त्याच्याकडेच राबलेला.

परतीचा माल

मग हा नवा अर्थ इंग्लंडमधून परत युरोपभर निघाला. १७५६ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या ल प्रँस द बोमाँ या फ्रेंच शिक्षिकेने 'मुलांचं मागाझँ' काढलं. 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट आज जगाला ज्या आटोपशीर रूपात माहीत आहे, ते त्यातलं. १८३३ मध्ये पॅरिसला 'मागाझँ पितोरेस्क' निघालं, स्वस्तातलं सचित्र. पण फ्रेंचमध्ये मागाझँ म्हणजे एव्हाना दुकान. गोंधळ नको म्हणून पुढे त्यांनी अंकासाठी इंग्रजी रूपच उचललं. फ्रान्सने इंग्लंडला दिलेला शब्द बदलून परत घेतला, आणि आता त्यांच्याकडे दोन्ही आहेत.

रशियनमध्ये मागाझिन म्हणजे दुकान. रशियात कुणी मागाझिनला जातो म्हणालं तर तो दूध-ब्रेड आणायला चाललाय. पोलिशमध्ये मागाझिन म्हणजे गोदामही आणि अंकही. अर्जेंटिनात अल्मासेन म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. नॉर्वेत वीज तयार करण्यासाठी डोंगरात अडवून ठेवलेलं पाणी, तो साठाही मागासिन. पाणी कमी झालं की वीज महागते, म्हणून तिथल्या बातम्यांत हा शब्द सारखा येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कोयनेचा पाणीसाठा येतो ना, तसं.

माझी सगळ्यात आवडती भाषा या बाबतीत तुर्की. तिच्याकडे हा शब्द तीनदा आलाय. थेट अरबीतून आलेला माहझेन, म्हणजे तळघर. युरोपातून फिरून आलेला माआझा, म्हणजे दुकान. आणि फ्रेंचमधून आलेला मागाझिन, म्हणजे नटनट्यांच्या भानगडी! सिनेमातल्या कुणाचं कुणाशी चाललंय, ते 'मागाझिन'. अरबी स्वतः मात्र शांत आहे. तिथे मख्झन म्हणजे अजूनही गोदाम, आणि अंकाला ते मजल्ला म्हणतात.

आपलं कोठार

मराठीने मॅगझीन हा शब्द बोलण्यात घेतला, पण अंकासाठी आपण वेगळी वाट धरली. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' सुरू केलं. महिन्याला निघतं म्हणून मासिक. आपण मालावरून नाव न ठेवता काळावरून ठेवलं: साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, दिवाळी अंक. पण कोठाराची कल्पना आपल्यालाही सुचली होतीच. १८७८ मध्ये पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' निघालं. घराघरांत, कसरीच्या तोंडी पडलेल्या बखरी आणि जुन्या कविता त्यांनी मिळवून महिन्याच्या महिन्याला छापल्या. त्या दफ्तरांची किल्ली तोवर मोजक्या घराण्यांकडे होती. ती सगळ्यांसाठी उघडणं म्हणजे केव्हचंच काम.

आणि लहानपणी तुम्ही 'ज्ञानाचा खजिना' किंवा 'माहितीचा खजिना' असल्या नावाचं एखादं पुस्तक वाचलंच असेल. आता बघा, खजिना म्हणजे ख-झ-न. जी उपमा केव्हने लंडनमध्ये वापरली, तीच आपण त्याच अरबी मुळाच्या दुसऱ्या शब्दाने वापरतोय, एकमेकांना न विचारता. खुद्द अरबीतही ग्रंथालयाला ख़िझानतुल-कुतुब म्हणायची जुनी रीत आहे, पुस्तकांचं भांडार. म्हणजे कागद आणि कोठार ही जोडी शब्दाच्या पोटात आधीपासून होती.

शेवटी एक प्रयोग सुचवते. फोनची भाषा दोन मिनिटांसाठी स्पॅनिश करा. परत मराठी कशी करायची ते मात्र आधी लक्षात ठेवा! सेटिंगमध्ये जिथे 'स्टोरेज' लिहिलेलं असतं तिथे दिसेल 'अल्मासेनामियेंतो'. पोर्तुगीज केलंत तर 'अर्माझेनामेंतो'. तुमचे फोटो, चॅट, डाउनलोड केलेले एपिसोड, सगळं त्या पाटीखाली. आणि क्लाउडवर ठेवलेलं असेल तर ते कुणा कंपनीच्या कोठारात आहे. तिचे नियम बदलले, खातं बंद पडलं, तर आपल्याच फोटोंच्या दाराशी आपण उभे. मिरीच्या पोत्यांपासून इथवर कोठारात ठेवायचा माल बदलत गेला, पण किल्लीबद्दलचा प्रश्न विचारायचा अजून बाकीच आहे. निदान एवढं करा, महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत आपल्या घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

तर हा होता आजचा भाग. तुमच्या रोजच्या बोलण्यात, दुकानात, कोर्टात, शेतात असा एखादा शब्द सापडला, ज्याचं अरबी किंवा फारसी घराणं शोधावंसं वाटतं, तर नक्की कळवा. पुढच्या वेळी त्यातला एक घेऊन बसू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.